‘तेच तुणतुणे’ आणि इंग्रजांची हार्प

मुंबई : एखादी मागणी कोणी वारंवार मांडू लागले की ‘पुन्हा तेच तुणतुणे’ असे म्हणून ती झटकून टाकली जाते. इंग्रजीत याच अर्थाने ‘हार्पिंग ऑन’ हा वाक्प्रचार रूढ आहे. दोन्ही भाषांनी कटकटीसाठी तंतुवाद्याचीच प्रतिमा निवडली असली, तरी त्यामागचा विचार एकसारखा नाही.

हार्प हे अनेक तारांचे वाद्य. इतक्या तारा हाताशी असताना वादक एकच तार छेडत राहिला, तर ऐकणारा कंटाळणारच. त्यातून ‘एकाच तारेवर हार्प वाजवणे’ असा प्रयोग सोळाव्या शतकापर्यंत इंग्रजीत रुळला. कालांतराने त्यातील तारेचा उल्लेख गळाला. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड तिसरा’ या नाटकात राजा विधवा राणी एलिझाबेथला याच शब्दांत गप्प बसवू पाहतो. ती बोलत असते आपल्या मारल्या गेलेल्या मुलांविषयी. आणि त्या हत्या घडवून आणणारा असतो हाच राजा.

तुणतुण्याला मात्र मुळातच एक तार. लाकडी नळकांड्याच्या तळाला मढवलेले चामडे, बाजूला दांडी, वर खुंटी आणि मधून ताणलेली तार, एवढीच त्याची रचना. ‘तुण तुण’ या आवाजावरून त्याला नाव मिळाले. गोंधळात संबळाबरोबर आणि पोवाड्यात डफाबरोबर ते गायकाला आधारस्वर देत राहते. स्वर न बदलणे हा त्याचा दोष नसून तेच त्याचे काम आहे.

याचा प्रत्यय महाराष्ट्राच्या इतिहासातही येतो. बेळगावच्या साहित्य संमेलनात १९४६ मध्ये मराठी भाषकांच्या एका राज्याची मागणी पुढे आली. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर या शाहिरांनी ती गावोगावी पोहोचवली. राज्य अस्तित्वात आले १ मे १९६० रोजी. मराठीला अभिजात दर्जा मिळावा, यासाठी रंगनाथ पठारे समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळण्यास ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. दोन्ही वेळा तीच मागणी वर्षानुवर्षे करावी लागली.

अशा चिकाटीसाठी मराठीत ‘पाठपुरावा’ हा गौरवाचा शब्द आहे. कृती एकच, मागणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो पाठपुरावा, कंटाळलेल्या श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर तुणतुणे. त्यामुळे आंदोलकांच्या, कर्जदारांच्या किंवा पाण्यासाठी अर्ज करणाऱ्या ग्रामस्थांच्या मागणीला बातमीत ‘तेच तुणतुणे’ म्हटले, की लिहिणाऱ्याने नकळत एक बाजू घेतलेली असते. मागणी पूर्ण झाली आहे की नाही, हा प्रश्न त्या शब्दाआड झाकला जातो.