विश्लेषण : मासा दिसेलच याची हमी नाही, तरी त्याला खाऊ घालणार नाही! फिलिपिन्सच्या दोनसोलचे पर्यटन कसे चालते?

फिलिपिन्सने २०१० मध्ये नव्या नोटांची मालिका आणली. त्यातील १०० पेसोच्या नोटेच्या मागील बाजूला मायोन ज्वालामुखी आहे आणि त्याच्या सोबतीला अंगभर पांढरे ठिपके असलेला एक अवाढव्य मासा. हा मासा म्हणजे व्हेल शार्क, तिथल्या भाषेत ‘बुतांदिंग’. तो पाहायला पर्यटक जातात ते दोनसोल या किनारी गावात. मात्र हा मासा कधी येणार आणि किती येणार, हे गावाच्या हातात नाही. मध्यंतरी मासे कमी झाले तेव्हा एक सोपा मार्ग समोर होता, तो दोनसोलने घेतला नाही. असे का?

दोनसोल कुठे आहे?

लुझोन बेटाच्या दक्षिण टोकाकडे बिकोल प्रदेश आहे. त्यातील सोर्सोगोन प्रांतात दोनसोल ही नगरपालिका येते. नगरपालिका म्हटले की आपल्याकडे शहर डोळ्यांसमोर येते. फिलिपिन्समध्ये मात्र गावठाण आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या मिळून एक नगरपालिका होते. तिच्या सर्वांत लहान घटकाला ‘बारांगाय’ म्हणतात. दोनसोलमध्ये असे ५१ बारांगाय असून एकूण लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास आहे. जवळचे मोठे शहर लेगास्पी. भात, नारळ आणि मासेमारी हे जुने व्यवसाय.

दोनसोल नदी गावाजवळच समुद्राला मिळते. नदीतून येणारी पोषक द्रव्ये आणि समोरच्या सामुद्रधुनीतले प्रवाह यामुळे या पाण्यात प्लवक, म्हणजे सूक्ष्म जीव, भरपूर वाढतात. बुतांदिंग येतो तो हे खायला.

हा देवमासा आहे का?

नाही. नावात ‘व्हेल’ असले तरी तो सस्तन प्राणी नाही. तो शार्क आहे, म्हणजे कोकणात ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतात त्या कुळातला. जगातला हा सर्वांत मोठा मासा असून त्याची लांबी १८ मीटरपर्यंत जाऊ शकते. एवढे धूड, पण खाणे मात्र प्लवक आणि बारीक जीवांचे. तोंड उघडून पाणी आत घ्यायचे आणि गाळून बाहेर सोडायचे, अशी त्याची पद्धत. माणसाला त्याच्यापासून सहसा धोका नसतो. त्याला माणसापासून असतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) २०१६ मध्ये त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ वर्गात केली.

१९९८ मध्ये काय घडले?

दोनसोलच्या मच्छीमारांना बुतांदिंग नवा नव्हता. जाळी फाडणारा म्हणून त्याचा त्रासच वाटे, पण ते त्याची शिकार करत नसत. शिकार चाले ती बोहोल आणि मिसामिस ओरिएंताल या दक्षिणेकडच्या प्रांतांत. तैवानच्या बाजारात या माशाच्या मांसाला चांगला भाव होता.

१९९८ च्या सुरुवातीला काही हौशी पाणबुड्यांनी दोनसोलच्या समुद्रात व्हेल शार्कचे चित्रीकरण केले आणि त्याची बातमी देशभर झाली. पर्यटकांच्या आधी शिकारी पोहोचले आणि काही मासे मारले गेले. त्यावरून गदारोळ झाला. नगरपालिकेने आपल्या हद्दीतील समुद्र व्हेल शार्कसाठी अभयारण्य घोषित केला. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने आदेश काढून व्हेल शार्क आणि मांटा रे पकडण्यास व विकण्यास देशभर बंदी घातली. एका गावात सुरू झालेली गोष्ट तीन महिन्यांत राष्ट्रीय कायद्यापर्यंत गेली. पर्यावरणाच्या बाबतीत हा वेग विरळाच म्हणायचा.

पाण्यात उतरण्याचे नियम कोणते?

‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’च्या फिलिपिन्स शाखेच्या मदतीने गावाने पर्यटनाची पद्धत बसवली. दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेल्या होडीला तिथे ‘बांका’ म्हणतात. तिच्यात नावाडी असतो, उंचावर उभा राहून पाण्यातली काळी सावली हेरणारा टेहळ्या असतो आणि ‘बुतांदिंग इंटरॅक्शन ऑफिसर’ म्हणजे प्रशिक्षित वाटाड्या असतो. यांतले अनेक जण पूर्वीचे मच्छीमार. समुद्र वाचण्याची त्यांची जुनी विद्या इथे पुन्हा कामी आली.

एका माशामागे एकच होडी आणि पाण्यात एका वेळी सहाच माणसे. माशाला हात लावायचा नाही, त्याची वाट अडवायची नाही, फ्लॅश वापरायचा नाही, प्राणवायूची टाकी पाठीला बांधायची नाही. काही मीटरचे अंतर ठेवायचे. २००४ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने आशियात प्राणी पाहण्याचा सर्वोत्तम अनुभव म्हणून दोनसोलची निवड केली आणि गावाचे नाव जगभर झाले.

ठिपके आणि तारे यांचा काय संबंध?

या माशाच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना माणसाच्या बोटाच्या ठशासारखी असते. प्रत्येकाची वेगळी. कल्ल्यांच्या मागच्या भागाचा फोटो काढला की मासा ओळखता येतो. पण हजारो फोटोंतून जुळणारा फोटो शोधायचा कसा?

उत्तर खगोलशास्त्रात मिळाले. आकाशाच्या दोन छायाचित्रांत तेच तारे आहेत का, हे तपासण्यासाठी १९८६ मध्ये एक पद्धत मांडली गेली होती. कोणतेही तीन तारे जोडून त्रिकोण करायचा. छायाचित्र फिरवले किंवा लहान-मोठे केले तरी त्रिकोणाच्या बाजूंचे गुणोत्तर बदलत नाही. असे पुरेसे त्रिकोण जुळले की आकाशाचा तुकडा तोच. खगोलशास्त्रज्ञ झावेन अर्झूमानियन, संगणकतज्ज्ञ जेसन होल्मबर्ग आणि सागरी जीवशास्त्रज्ञ ब्रॅड नॉर्मन यांनी २००५ मध्ये ताऱ्यांच्या जागी ठिपके घेऊन हीच पद्धत व्हेल शार्कसाठी वापरली.

दोनसोलमध्ये २००७ पासून फोटोंवरून अशी ओळख नोंदवली जाऊ लागली. पुढच्या दशकभरात साडेचारशेहून अधिक वेगवेगळे मासे नोंदले गेले. त्यातले बरेच पूर्ण वाढलेले होते आणि अनेक जण वर्षानुवर्षे याच किनाऱ्यावर परत येत होते. फिलिपिन्समध्ये ओळख पटलेला व्हेल शार्क तैवानच्या समुद्रातही सापडला आहे. म्हणजे मासा कोणत्याही एका गावाचा नाही, एका देशाचाही नाही. तैवानने त्याच्या मासेमारीवर २००८ मध्ये बंदी घातली.

ओस्लोबने काय केले?

सेबू बेटावरील ओस्लोब नगरपालिकेत तान-अवान नावाचे बारांगाय आहे. तिथले मच्छीमार जाळ्यांपासून व्हेल शार्क दूर नेण्यासाठी ‘उयाप’ म्हणजे बारीक कोळंबी टाकत. २०११ च्या सुमारास हे पाहायला पर्यटक येऊ लागले आणि उयाप टाकणे हाच धंदा झाला. सकाळी ठरलेल्या वेळी, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, मासा दिसण्याची जवळपास खात्री. २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत तिथे साडेसात लाखांच्या आसपास पर्यटक आले. गरीब मच्छीमार कुटुंबांच्या हाती पैसा आला, हे नाकारता येणार नाही. फायद्याच्या बाजूने बोलणारे अभ्यासकही आहेत.

आक्षेप मात्र गंभीर आहेत. स्थलांतर करणारे काही मासे तिथेच दीर्घकाळ रेंगाळू लागले. होडी दिसली की खाणे मिळते, असे शिकलेला मासा दुसऱ्या कोणत्याही होडीकडे जाऊ शकतो, आणि होडीला पंखा असतो. तिथल्या माशांच्या अंगावर जखमांचे व्रण मोठ्या प्रमाणावर आढळले आहेत.

मग दोनसोलचे काय झाले?

नेमक्या याच काळात, २०१३ च्या सुमारास, दोनसोलमध्ये मासे दिसण्याचे प्रमाण एकदम घटले. तीन तास होडीत बसून रिकाम्या हाताने परतलेला पर्यटक पुढच्या वेळी ओस्लोबला जाणार, हे उघड होते. तसे झालेही. वाटाड्यांचे उत्पन्न कमी झाले, काही जण पुन्हा जाळ्यांकडे वळले. तरीही समुद्रात खाणे टाकून मासे जमवण्याचा मार्ग गावाने स्वीकारला नाही. यामागे तत्त्व आहेच, पण व्यवहारही आहे. या गावाची ओळखच मुळी मोकळ्या समुद्रातला मासा अशी आहे. ती गेली तर दोनसोल म्हणजे मनिलाहून दूर असलेले दुसरे ओस्लोब, एवढेच उरेल.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळ परिसरात, व्हेल शार्कची मोठी शिकार होत असे. मे २००१ मध्ये त्याचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. २००४ पासून कथाकार मोरारीबापूंनी ‘माहेरी आलेली लेक’ अशी उपमा देऊन मच्छीमारांना साद घातली आणि जाळी कापून मासे सोडले जाऊ लागले. महाराष्ट्रातही संरक्षित सागरी जीव सोडताना जाळे फाटल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली.

दोनसोलला कधी जाता येते?

हंगाम साधारण नोव्हेंबर ते जून, त्यातही फेब्रुवारी ते मे चांगला. मासा दिसला नाही तर संध्याकाळी नदीतून होडीने काजवे पाहायला नेतात. काठावरच्या झाडांवर ते लुकलुकत असतात, आणि त्यांच्यासाठीही पाण्यात काही टाकावे लागत नाही.