जुन्या वॉशिंग मशीनला भंगारातले पार्ट चालतात, पण सगळेच नाही!

अनेक घरांच्या गॅलरीत एक वॉशिंग मशीन बंद पडून असते. दोन टबांची, सेमी-ऑटोमॅटिक, १९९० च्या दशकात हप्त्यांवर घेतलेली. आता तिच्यावर कांद्या-बटाट्याची टोपली असते. मेकॅनिकला बोलावलं की तो एकच वाक्य ऐकवतो, "याचे पार्ट येत नाहीत आता, नवीन घेऊन टाका."

हे अर्धंच खरं आहे. कंपनीकडून पार्ट येत नसतील, पण तशीच दुसरी बंद मशीन भंगारच्या दुकानात पडलेली असू शकते. एकीची मोटर गेलेली, दुसरीचा टब फुटलेला, तर दोघींची मिळून एक चालू मशीन होऊ शकते. फक्त कुठला पार्ट जुना चालेल आणि कुठल्या पार्टवर पैसे वाचवणं अंगाशी येईल, हे माहीत हवं.

पार्ट मिळत का नाहीत?

कंपनीच बंद पडते, हे एक मोठं कारण. व्हिडिओकॉनचंच बघा. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये वाढलेली ही कंपनी एकेकाळी घराघरात होती. २०१८ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. कंपनी अडचणीत आली, तरी लोकांच्या घरातल्या मशीन तिथेच राहिल्या. कंपनी चालू असली तरी जुनं मॉडेल बंद झालं की पार्टचा साठा हळूहळू संपतोच.

या मशीनच्या पोटात असतं काय?

खरं तर या एका डब्यात दोन वेगळ्या मशीन असतात.

धुण्याच्या बाजूला एक मोटर असते. ती पट्ट्याने, म्हणजे बेल्टने, टबाच्या तळाचा पंखा फिरवते. या पंख्याला पल्सेटर म्हणतात. टायमर ठरावीक सेकंदांनी मोटरची दिशा उलटी करतो, म्हणून कपडे एकदा इकडे, एकदा तिकडे घुसळले जातात.

सुकवण्याच्या बाजूला दुसरी मोटर असते आणि ड्रायरचं भांडं थेट तिच्यावर बसवलेलं असतं. झाकण उघडलं की वीज तुटते आणि ब्रेक लागतो. झाकण बंद केलं की एक तार ब्रेक ओढून सोडवते.

साध्या जुन्या मॉडेलमध्ये कॉम्प्युटर बोर्ड नसतो. फुल ऑटोमॅटिक मशीनचा बोर्ड बहुतेकदा त्याच मॉडेलचा लागतो. इथे मात्र माप आणि जोडणी जुळली, तर दुसऱ्या कंपनीची मोटरही बसू शकते. जुनी मशीन दुरुस्त होते ती याच साधेपणामुळे.

आधी रोग ओळखा

पार्ट शोधायला निघण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते कळायला हवं.

- मोटर गुणगुणते पण फिरत नाही: बहुतेकदा कॅपॅसिटर गेलेला असतो, किंवा काहीतरी अडकलेलं असतं. मोटर जळाली असं लगेच समजू नका.
- मोटर फिरते, पंखा नाही: बेल्ट तुटला किंवा सैल झाला असेल. पंख्याच्या मधल्या भोकाचे दातेही झिजतात.
- पंखा एकाच दिशेने फिरतो: टायमर तपासा.
- ड्रायर हलत नाही: झाकणाचा स्विच किंवा ब्रेकची तार बघा. तार तुटली की ब्रेक लागलेलाच राहतो.
- ड्रायरच्या खालून पाणी गळतं: रबरी सील फाटलं असेल. हे दुखणं अंगावर काढू नका, कारण ते पाणी खालच्या मोटरवर पडतं.

जुने चालतात असे पार्ट

मोटर, पुली, पंखा, ड्रायरचं भांडं, झाकण, नॉब, ड्रेनचे प्लास्टिकचे भाग. तपासून घेतले तर हे सगळे वापरता येतात. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार किंवा गावातलं भंगारचं दुकान, कुठेही बघता येईल. पण सगळ्यात आधी जुन्या मेकॅनिकच्या दुकानाचा मागचा भाग बघा. तिथे मोटर बऱ्याचदा अख्खी मिळते. भंगारात तांब्यासाठी ती फोडली जाते.

मोटर घेताना सोबत मल्टिमीटर ठेवा. धुण्याच्या मोटरला साधारणपणे तीन वायरी असतात. आत दोन सारखी वाइंडिंग असतात, कारण तिला दोन्ही दिशांना सारख्याच जोराने फिरायचं असतं. समजा, मधल्या सामाईक वायरीपासून दुसऱ्या दोन्ही वायरींपर्यंत २० ओहम येतात, तर त्या दोघींमध्ये साधारण ४० यायला हवेत. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत मोठा फरक असेल तर ती मोटर सोडून द्या. ड्रायरची मोटर एकाच दिशेने फिरते, त्यामुळे तिच्यात हे आकडे वेगळे असू शकतात.

मोटरची कुठलीही वायर आणि तिची लोखंडी बॉडी यांच्यात कनेक्शन दिसता कामा नये. दिसलं तर ती मोटर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

शाफ्टची जाडी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि पंख्याच्या भोकाचे दातेही मोजून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे जुना पार्ट काढून सोबतच न्या. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रंगांवर विसंबू नका, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असू शकतात.

हे पार्ट मात्र नवीनच घ्या

कॅपॅसिटर, रबरी सील, बेल्ट आणि पिनची केबल. रबर वापरलं नाही तरी वयाने कडक होतं. कॅपॅसिटरची क्षमताही काळानुसार कमी होते. नवा घेताना त्यावरचा एमएफडीचा आकडा जुन्याइतकाच हवा आणि व्होल्टचा आकडा जुन्यापेक्षा कमी नको. हे चारही पार्ट बाजारात सहज मिळतात आणि मोटरच्या तुलनेत स्वस्त असतात. इथे काटकसर केली तर महिन्याभरात मशीन पुन्हा उघडावी लागेल.

जुगाड कुठे थांबवायचा?

झाकणाचा स्विच बिघडला की काही जण त्याच्या वायरी थेट जोडून टाकतात. ड्रायर सुरू होतो, पण झाकण उघडं असतानाही तो फिरत राहतो. जोरात फिरणाऱ्या भांड्यात कुणी हात घातला, तर कपड्याचा पीळ हाताभोवती बसतो आणि हात मोडू शकतो. घरात लहान मुलं असतील तर धोका आणखी मोठा. स्विच आणि ब्रेक दोन्ही नीट चालत नसतील तर ड्रायर वापरूच नका.

दुसरा धोका शॉकचा. मशीन उघडण्याआधी प्लग काढा. कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते, म्हणून ते काम जाणकारावर सोडा. काम झाल्यावर तीन पिनांपैकी मोठ्या पिनचं मशीनच्या धातूच्या भागांशी कनेक्शन आहे ना, आणि बाकी दोन पिनांचं नाही ना, हे मल्टिमीटरने तपासून घ्या. घराच्या अर्थिंगचीही खात्री करा. ओल्या गॅलरीत मशीन असेल तर बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणं चांगलं.

प्रत्येक मशीन वाचवावी का?

नाही. टबाला मोठा तडा गेला असेल किंवा खालचा पत्रा गंजून मोटरचा आधारच हलत असेल, तर खर्च करू नका. अशी मशीन दुसरीला पार्ट देण्याच्या कामाची. पण फक्त कॅपॅसिटर, बेल्ट किंवा एखादी मोटर गेली असेल, तर नव्या मशीनची किंमत विचारण्याआधी दुरुस्तीचा हिशेब नक्की करा.

युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, वॉशिंग मशीनचं मॉडेल बाजारात येणं थांबल्यानंतरही महत्त्वाचे पार्ट किमान १० वर्षं मिळायला हवेत. भारतात केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात घरगुती उपकरणंही होती. वॉशिंग मशीन ई-कचऱ्याच्या नियमांतही येते. पण जी कंपनीच उरली नाही, तिच्याकडे पार्ट कोण मागणार? अशा मशीनसाठी तिच्यासारखी दुसरी बंद मशीन हेच पार्टचं गोदाम असतं.

म्हणून गॅलरीतली मशीन काढायचीच असेल, तर वजनावर विकण्याआधी एकदा मेकॅनिकला दाखवा. तिची मोटर किंवा झाकण दुसऱ्या कुणाची मशीन आणखी काही वर्षं चालवू शकतं.