पहिल्या आठवड्यांतील पारख : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील दावेदार आणि खेळाडू

अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांमध्ये खेळला जाणारा फुटबॉल हा भारतात त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून सर्वस्वी निराळा असून त्यात लांबट चेंडू मुख्यतः हाताने फेकत किंवा कवेत धरून धावत पुढे नेला जातो. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, त्यांतील प्रत्येक संधीला ‘डाऊन’ म्हणतात, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचला की सहा गुणांचा ‘टचडाऊन’ नोंदवला जातो. १८६९ मध्ये न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांत झालेल्या सामन्यापासून या परंपरेचा आरंभ मानला जातो. आज ऑगस्टअखेरीपासून डिसेंबरच्या उंबरठ्यापर्यंत अमेरिकेतील शनिवार या खेळाने व्यापलेले असतात, आणि तेथे शिकायला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही विद्यापीठाच्या गावात पाऊल ठेवताच त्याची ओळख होते. हंगामाचे दोन-तीन आठवडे उलटले की देशभर एकच चर्चा सुरू होते : यंदा विजेतेपदाचे खरे दावेदार कोण आणि कोणता खेळाडू वर्ष गाजवणार? या चर्चेत आत्मविश्वास पुष्कळ असतो, पण तिला आधार देणारा पुरावा मात्र त्या काळात अतिशय तुटपुंजा असतो.

पुरावा तुटपुंजा राहतो याचे मूळ स्पर्धेच्या रचनेतच आहे. सर्वोच्च विभागात १३० हून अधिक संघ आहेत, पण प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात केवळ १२ सामने येतात, आणि त्यांतील बहुतेक ‘कॉन्फरन्स’ नावाच्या आपल्याच गटातील संघांशी होतात. परिणामी दोन बलाढ्य संघ अनेक वर्षे एकमेकांसमोर न येणे अगदी शक्य असते. त्यातच सुरुवातीच्या सामन्यांची आखणी मुद्दाम सोपी केलेली असते. मोठी विद्यापीठे लहान विद्यापीठांच्या संघांना ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. त्यातून यजमानांना एक विजय आणि तिकीटविक्रीचे उत्पन्न मिळते, तर पाहुण्यांच्या क्रीडा विभागाला वर्षभराच्या खर्चासाठी मोठा आधार होतो. अशा सामन्यांतून किती थोडे कळते, याचे बोलके उदाहरण २०२५ मधील पेन स्टेट विद्यापीठाचे आहे. हंगामापूर्वीच्या मानांकनात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या या संघाने पहिले तीन सामने ४६-११, ३४-० आणि ५२-६ असे जिंकले. मग ऑरेगॉनकडून जादा वेळेत पराभव, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून पराभव आणि लगेच नॉर्थवेस्टर्नकडून घरच्या मैदानावर पराभव अशी घसरण झाली, आणि ऑक्टोबरच्या मध्यापूर्वीच प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पहिल्या तीन विजयांनी या संघाविषयी जवळपास काहीच सांगितले नव्हते, कारण समोरचे संघ त्याच्या तोडीचे नव्हतेच.

क्वचित असा सोपा मानलेला सामनाच अंगाशी येतो. १ सप्टेंबर २००७ रोजी खालच्या विभागातील ॲपलेशियन स्टेट विद्यापीठाने देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, ३४-३२ असे हरवले. खालच्या विभागातील संघाने मानांकित संघाला हरवल्याची ही पहिलीच वेळ होती.

सुरुवातीच्या निकालांचा अर्थ लावताना सर्वांत मोठी अडचण अशी की, तेव्हाचा प्रत्येक निकाल दोन अज्ञात राशींमधील संबंध असतो. विजेत्याचे मोल पराभूताच्या ताकदीवरून ठरवायचे, पण पराभूताची ताकदही तेव्हा अनुमानानेच मानलेली असते. २ सप्टेंबर २०२३ रोजी कोलोरॅडो विद्यापीठाने, डिऑन सँडर्स यांच्या प्रशिक्षणाखालील पहिल्याच सामन्यात, टीसीयू या संघावर ४५-४२ असा विजय मिळवला. टीसीयू आधीच्या हंगामातील उपविजेता आणि त्या आठवड्यात देशात १७ व्या क्रमांकावरचा संघ असल्याने हा निकाल युगप्रवर्तक मानला गेला आणि कोलोरॅडोला लगेच मानांकन मिळाले. प्रत्यक्षात टीसीयूने तो हंगाम ५ विजय आणि ७ पराभवांसह संपवला, तर सलग तीन विजयांनी सुरुवात करणाऱ्या कोलोरॅडोच्या पदरी अखेर ४ विजय आणि ८ पराभव आले. म्हणजे सप्टेंबरमध्ये जो बलाढ्य संघावरील विजय वाटला होता, तो डिसेंबरमध्ये मागे वळून पाहता दोन सामान्य संघांमधील अटीतटीचा सामना ठरला. मैदानावर घडलेल्या गोष्टी त्याच होत्या. त्यांचा अर्थ मात्र पुढच्या तीन महिन्यांनी बदलला. शितावरून भाताची परीक्षा करता येते ती सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून. येथे प्रत्येक शीत निराळ्या भांड्यातले असते.

तरीही सुरुवातीच्या आठवड्यांतून काहीच शिकता येत नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल; फक्त नजर गुणफलकावरून उचलून खेळाच्या रीतीकडे वळवावी लागते. २०२४ मधील दोन पराभव शेजारी ठेवून पाहिले तर हा फरक स्पष्ट होतो. दहाव्या क्रमांकाने हंगाम सुरू करणारा फ्लोरिडा स्टेटचा संघ डब्लिन येथे जॉर्जिया टेककडून २४-२१ असा हरला, तर पंधरवड्याने नोत्र दाम या नामांकित संघाला घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉय या लहान विद्यापीठाने १६-१४ असे हरवले. निकालाच्या दृष्टीने दुसरा पराभव कितीतरी लाजिरवाणा होता. पण फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीत प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन सरळ धावत यार्डामागून यार्ड मिळवत होते, आणि लगेच बोस्टन कॉलेजविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यातही तेच घडले. आघाडीच्या रांगेतील धिप्पाड खेळाडूच मागे रेटले जात असतील, तर तो दोष दर आठवड्याला पुन्हा उघडा पडतो. नोत्र दामने मात्र आधीच्याच आठवड्यात टेक्सास ए अँड एम संघाला त्यांच्या मैदानावर हरवले होते. नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध त्यांचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले आणि अखेरच्या मिनिटातील एका किकने सामना निसटला. फ्लोरिडा स्टेटने हंगाम २ विजय आणि १० पराभवांवर संपवला. नोत्र दामने त्यानंतर ओळीने १३ सामने जिंकून अंतिम फेरी गाठली आणि तेथे त्यांना ओहायो स्टेटने ३४-२३ असे रोखले.

हाच विचार आकडेशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक शिस्तीने मांडला आहे. बिल कॉनेली यांनी विकसित केलेल्या ‘एसपी प्लस’ या मापनपद्धतीत गुणांपेक्षा प्रत्येक डावपेचाच्या यशाला महत्त्व आहे : पहिल्या डाऊनवर आवश्यक अंतराच्या निम्मे, दुसऱ्यावर ७० टक्के आणि तिसऱ्या किंवा चौथ्यावर पूर्ण अंतर मिळाले, तरच तो प्रयत्न यशस्वी धरला जातो. सामना एकतर्फी झाल्यावर राखीव खेळाडूंनी मिळवलेले यार्ड अशा गणनेत बाजूला ठेवले जातात. हातातून निसटलेल्या चेंडूला ‘फंबल’ म्हणतात, आणि जमिनीवर पडलेला तो लंबगोल चेंडू कोणत्या बाजूला उसळेल हे बहुतांशी नशिबावर अवलंबून असल्याने, असे चार चेंडू लाभल्यामुळे जिंकलेल्या संघाचा विजय हे अभ्यासक हात राखूनच मोजतात. या पद्धतीचा सर्वांत शहाणपणाचा भाग तिच्या सुरुवातीच्या अंदाजात आहे. गेल्या काही वर्षांची कामगिरी, संघात टिकून राहिलेले अनुभवी खेळाडू आणि नव्याने भरती झालेल्यांचा दर्जा यांवरून आधी एक अंदाज बांधला जातो, आणि सामने होत जातील तसतसे त्या अंदाजाचे वजन कमी करून प्रत्यक्ष खेळाचे वजन वाढवले जाते. दोन सामन्यांच्या बळावर जुने सर्व ज्ञान फेकून द्यायचे नाही आणि आठ सामने झाल्यावरही जुन्या कीर्तीला चिकटून राहायचे नाही, असा हा तोल आहे.

अलीकडे मात्र हा पूर्वअंदाज बांधणेच अवघड झाले आहे. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद करणारी ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही व्यवस्था २०१८ मध्ये सुरू झाली, २०२१ पासून एकदा बदल करणाऱ्याला वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती उरली नाही, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून पैसे कमावण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळे गेल्या वर्षीचा संघ आणि यंदाचा संघ यांत गणवेशाखेरीज फारसे साम्य नसणे हे आता नवलाचे राहिलेले नाही. शालेय स्तरावर चार किंवा पाच तारांकित ठरलेले खेळाडू ज्या संघात निम्म्याहून अधिक, तोच विजेता होऊ शकतो, हा कयास अनेक वर्षे खरा ठरत आला होता. इंडियाना विद्यापीठाने २०२५ च्या हंगामात तो मोडला. फुटबॉलमध्ये दीर्घकाळ पराभवांसाठीच ओळखला जाणारा हा संघ हंगामापूर्वी २० व्या क्रमांकावर होता. २० सप्टेंबरला त्याने नवव्या क्रमांकाच्या इलिनॉयला ६३-१० असे नमवले, आणि एकही पराभव न पत्करता १६ विजयांसह तो आपल्या इतिहासात प्रथमच राष्ट्रीय विजेता झाला. मानांकित प्रतिस्पर्ध्यावर सर्व अंगांनी मिळवलेले असे वर्चस्व हा सप्टेंबरमध्ये मिळू शकणारा सर्वांत भक्कम पुरावा होय, आणि तो तेव्हाही पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नाही.

खेळाडूंची पारख संघांपेक्षाही निसरडी आहे, विशेषतः ‘क्वार्टरबॅक’ची, म्हणजे प्रत्येक डाव सुरू होताच चेंडू हाती घेऊन तो कोणाकडे द्यायचा हे क्षणार्धात ठरवणाऱ्या खेळाडूची. २०१३ मध्ये फ्लोरिडा स्टेटच्या जेमिस विन्स्टन याने पदार्पणातच २७ पैकी २५ पास अचूक टाकले; त्या वर्षी त्याने सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी आणि संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी टेक्सास ए अँड एमच्या केनी हिल याने सुरुवातीपासून खेळलेल्या आपल्या पहिल्या सामन्यात नवव्या क्रमांकाच्या साउथ कॅरोलायनाविरुद्ध ५११ यार्डांचे पास टाकून विद्यापीठाचा विक्रम मोडला, पण ऑक्टोबरमध्ये अलाबामाने त्याच्या संघाला ५९-० असे चिरडल्यावर त्याला राखीव खेळाडूंत बसावे लागले. पहिल्या रात्री या दोघांत भेद करणे आकड्यांवरून शक्य नव्हते. असा भेद शोधायचा तर बचावपटू अंगावर धावून येत असताना पाय न हलवता फेकलेले पास आणि पहिला साथीदार अडवला गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्याकडे वळणारी नजर पाहावी लागते. आणि कमकुवत प्रतिस्पर्ध्याविरुद्ध या दोन्हींची कसोटी लागतच नाही.

कीर्ती आणि घराणे यांचा प्रभावही या पारखीत घातक ठरतो. २०२५ च्या हंगामापूर्वी टेक्सासच्या आर्च मॅनिंगला हाइजमनचा अग्रगण्य दावेदार मानले गेले, तेव्हा त्याच्या गाठीशी सुरुवातीपासून खेळलेले केवळ दोन सामने होते. पेटन आणि इलाय मॅनिंग या विख्यात क्वार्टरबॅकचा तो पुतण्या. इतिहासात प्रथमच अव्वल मानांकनाने हंगाम सुरू करणारा टेक्सास पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटकडून १४-७ असा हरला आणि पुढे बाद फेरीतही पोहोचला नाही. ट्रॉफी मिळाली ती कॅलिफोर्नियाहून इंडियानात आलेल्या फर्नांडो मेंडोझाला. १९३५ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचा कल मुळातच चेंडू हाताळणाऱ्यांकडे राहिला असून, १९९७ मधील चार्ल्स वुडसन आणि २०२४ मधील, बचाव व आक्रमण दोन्ही सांभाळणारा ट्रॅव्हिस हंटर, हे विरळा अपवाद होत. ज्या बचावपटूच्या दिशेने चेंडू फेकण्याचे धाडसच कोणी करत नाही, त्याच्या नावापुढील रकाना रिकामा राहतो; वस्तुतः तोच त्याचा मोठेपणा असतो.

अशा अपुऱ्या पारखीचे परिणाम केवळ चर्चेपुरते राहत नाहीत, हे २००४ च्या हंगामाने दाखवून दिले. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून पत्रकारांच्या मतांवर आधारित साप्ताहिक मानांकन प्रसिद्ध करते, आणि १९५० पासून हंगामाआधीही एक यादी काढते. २००४ मध्ये यूएससी पहिल्या, ओक्लाहोमा दुसऱ्या आणि ऑबर्न १७ व्या क्रमांकावर होते. तिन्ही संघ सर्व सामने जिंकत गेले, म्हणून वरच्या दोघांना खाली खेचायला कोणापाशी कारण उरले नाही, आणि अंतिम सामना दोनच संघांचा असल्याने १३ पैकी १३ सामने जिंकूनही ऑबर्नला विजेतेपदासाठी खेळता आले नाही. त्या सामन्यात ओक्लाहोमाचा ५५-१९ असा धुव्वा उडाला. ऑबर्नवरील हा अन्याय मैदानावर नव्हे, तर ऑगस्टमध्ये कागदावर झाला होता. त्या हंगामानंतर असोसिएटेड प्रेसने विजेता ठरवण्याच्या प्रक्रियेत आपली यादी वापरू देण्यास नकार दिला, आणि तिच्या जागी आलेले हॅरिस मानांकन सप्टेंबरअखेरीपूर्वी जाहीरच होत नसे.

२०१४ पासून बाद फेरीतील संघ निवडणारी समितीही आपली पहिली यादी हंगामाचे दोन महिने उलटल्यावरच प्रसिद्ध करते. २०२४ पासून बाद फेरीत चारऐवजी १२ संघ घेतले जात असल्याने ऑबर्नसारखा अन्याय आता सहसा होणार नाही, परंतु ‘मानांकित संघावरील विजय’ हा शब्दप्रयोग अजूनही सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारपासून पुराव्यासारखा वापरला जातो, आणि ते मानांकन केवळ अंदाज होता याचा सर्वांना विसर पडतो. असोसिएटेड प्रेसने हंगामपूर्व यादी बंद करून आपले पहिले मानांकन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, प्रत्येक संघाचे किमान चार सामने झाल्यावर प्रसिद्ध करावे.