केसपेपरवर नसलेला प्रश्न

ओपीडीत नवा केसपेपर भरताना सवयींचा रकाना अर्ध्या मिनिटात उरकतो. तंबाखू? मिसरी? दारू किती? पैसे लावून खेळता का, हे कुणी विचारत नाही. पेशंट आपणहून सांगायचा प्रश्नच नाही. दारूला वास येतो, गुटख्याने दात रंगतात. मोबाइलवरच्या रमीचा अंगावर डाग पडत नाही. माणूस येतो तो झोप नाही, पित्त होतं, छातीत धडधडतं म्हणून.

मी मानसोपचार विभागात समाजसेविका आहे. माझी सुरुवात दोन प्रश्नांनी होते. ‘लाय-बेट’ नावाची ही चाचणी १९९७ पासून वापरात आहे: लावायची रक्कम वाढवत जावंसं वाटलं का? किती खेळता याबद्दल जवळच्यांशी खोटं बोलावं लागलं का? एकालाही ‘हो’ आलं की पुढची चौकशी.

बायको शेजारी बसलेली असेल तर उत्तर ‘नाही’ हे ठरलेलंच. “ताई, पाच मिनिटं बाहेर बसता का?” असं म्हणून मी दार लोटते. मग, “दादा, रमी, क्रिकेटवर पैसे, लॉटरी, आकडा, यातलं काही?”

“टाइमपास हो, मॅडम.”

“घरी माहीत आहे?”

इथे नजर दाराकडे जाते. उत्तर बरेचदा तिथेच मिळतं.

पुढे पीजीएसआय या जुगाराच्या प्रश्नावलीतले नऊ प्रश्न, गेल्या बारा महिन्यांबद्दलचे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज आठ किंवा जास्त झाली की प्रकरण गंभीर. हरलेले पैसे वसूल करायला पुन्हा खेळलात का, या प्रश्नावर मला ऐकू येतं, “त्यासाठीच तर खेळतो!” त्यानंतर उधारी, सोनं गहाण, आणि जीव नकोसा झाला होता का, हेही. हा शेवटचा प्रश्न मी कधीच गाळत नाही.

पार्किन्सन्सच्या पेशंटना तर विचारायलाच हवं. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी काहींना जुगाराची अनावर ओढ लागते. उभ्या आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेले आजोबा लॉटरीची तिकिटं आणू लागतात आणि घरचे म्हणतात, म्हातारपणी बुद्धी फिरली. गोळी मनानं बंद करायची नाही. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली; आता कशाला विचारायचं, असं सहकारी म्हणतात. पण मुंबईत जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा, आणि मटका बहरला तो १९६० नंतर! ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेने २०२५ च्या मार्गदर्शिकेत, दारू-सिगारेटबद्दल विचारता तसंच जुगाराबद्दलही विचारा, असं सांगितलं आहे. आपल्या केसपेपरवर तेवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे?

तोवर घरात कुणाबद्दल शंका असेल, तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.