‘बदली’ आणि ‘लवचिकता’: कापडगिरण्यांतील श्रमव्यवस्थेचे दोन प्रकार

संस्थेच्या मनुष्यबळाची ‘लवचिकता’ हा शब्दप्रयोग व्यवस्थापनशास्त्रीय लेखनात अलीकडे वारंवार आढळतो. मागणी अथवा यंत्रसामग्री पालटली असता संस्थेने आपली कार्यरचना त्वरित पालटावी, असा त्याचा स्थूल अर्थ होय. परंतु प्रत्यक्षात लवणारा कोण, हे ह्या शब्दावरून कळत नाही. जॉन ॲटकिन्सन ह्यांनी १९८४ मध्ये संख्यात्मक व कार्यात्मक लवचिकता ह्यांत भेद केला. पहिलीत माणसांची संख्या कमीअधिक केली जाते. दुसरीत तीच माणसे निरनिराळी कामे करतात. हा भेद भारतीय कापडगिरण्यांत त्यापूर्वीच दिसून आला होता.

मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगार हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण होय. ‘बदली’ हे वस्तुतः क्रियावाचक नाम. गिरणगावात मात्र ते माणसाचेच नाव झाले. ‘तो बदली आहे’ असे सहज म्हटले जाई. कायम कामगार गैरहजर राहिला तरच बदलीला काम मिळे. एरवी पाळीच्या आरंभी दाराशी उभे राहून परत फिरावे लागे. कोणास आत घ्यावयाचे, हे पुष्कळदा जॉबरच्या मर्जीवर असे. त्या मर्जीस आळा बसावा म्हणून मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली-नियंत्रणाची योजना आणली व निवडक बदल्यांना कार्डे दिली. रोजच्या कामाची अनिश्चितता कार्डाने गेली नाही. गिरणी लवचिक राहिली ती ह्या माणसांच्या रिकाम्या दिवसांच्या बळावर.

दुसऱ्या प्रकारासाठी अहमदाबादकडे वळले पाहिजे. तेथील कॅलिको मिलच्या एका विणाईखात्यात १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसविण्यात आले. तथापि उत्पादन अपेक्षेइतके होईना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस ह्यांनी ह्या खात्याचा अभ्यास केला. २२४ मागांसाठी २९ कामगार होते, आणि त्यांची कामे बारा प्रकारांत विभागलेली होती: विणणारा वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेले ताणे जोडणारा वेगळा. दोष माणसांचा नव्हता. प्रत्येकाकडील मागांची संख्या निराळी असल्याने कोणत्याही ठरावीक मागांची जबाबदारी ठरावीक माणसांच्या समूहावर पडत नसे. सूत तुटण्याचे प्रमाण वाढले की एकाची धावपळ होई, आणि शेजाऱ्याला त्यात हात घालण्याचे कारण नसे.

राइस ह्यांनी ६४ मागांमागे सुमारे सात जणांचा एकेक गट सुचविला. विशेष हे की कामगारांनी व पर्यवेक्षकांनी ही कल्पना लगेच आपलीशी करून गट स्वतःच जुळविले. आरंभीच्या अडचणींनंतर कार्यक्षमता वाढली, खराब कापडाचे प्रमाण घटले. हा वृत्तान्त राइस ह्यांच्या १९५८ च्या ग्रंथात सविस्तर आला आहे.

भाषिक दृष्टीने पाहता येथे कामांची नावे सैल झाली, ही गोष्ट लहान नव्हे. हुद्द्याचे नाव हीच पुष्कळदा कामाची सीमा असते. गटातला प्रत्येक जण दुसऱ्याची जागा घेऊ शके, आणि तरीही कोणी ‘बदली’ नव्हता.

एरिक मिलर ह्यांनी १९७० पर्यंतच्या स्थितीचा मागोवा घेऊन १९७५ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका खात्यात गटपद्धती बव्हंशी टिकली होती. अन्यत्र ती क्षीण झाली होती.