चौकट : गाढीकाठचं पनवेल

माथेरानच्या डोंगरात उगम पावलेली गाढी नदी पनवेलला वळसा घालून खाडीला मिळते. या खाडीनेच गावाला पैसा दाखवला. रेल्वेपूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस गलबतातून पनवेल बंदरात उतरे आणि पुढे बोरघाटाची वाट धरी. घाटावरून माल घेऊन आलेले गाडीवान परतताना इथली बैलगाडीच्या चाकांची जोडी हमखास विकत घेत. चाकं घडवणं हाच गावचा मुख्य धंदा असल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये आहे.

नगरपालिका १८५२ ची. राज्यातली पहिली असल्याचा मान पनवेलकर मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि का सांगू नये? बेने इस्रायलींचं सिनेगॉग त्याहून जुनं, १८४९ चं. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ पासूनचा. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं शिरढोण इथून जवळच. कोळीवाडा आजही खाडीलगत आहे.

गाढीवरच्या देहरंग धरणातून शहराला पाणी मिळतं. हीच नदी पावसाळ्यात काठच्या वस्त्यांची झोप उडवते. २६ जुलै २००५ चा पूर कुणी विसरलेला नाही.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली.