मूळ चित्राची पारख, विक्रेत्याची साख

सुरत शहरातील कतारगाम हा भाग हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. सुरतच्या या व्यवसायात लाखो रुपयांचे हिरे कागदाच्या लहानशा पुडीतून एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि त्या व्यवहाराचा आधार अनेकदा एक साधी चिठ्ठी असते. तिला ‘जांगड’ म्हणतात. किती नग, किती कॅरेट, कोणत्या दराने आणि कोणत्या तारखेस दिले, एवढा मजकूर तीवर पुरेसा असतो. माल पसंत पडला तर विक्री होते, नाही तर तो परत येतो. तोपर्यंत मालकी देणाऱ्याचीच राहते. हा शब्द मराठीलाही परका नाही. पसंतीवर आणलेला आणि नापसंत ठरल्यास परत करायचा माल, हाच त्याचा मराठीतील जुना अर्थ आहे.

हिऱ्यांचा बाजार विश्वासावर चालतो, असे म्हटले जाते. पण तेथील अनुभवी व्यापारीही हा विश्वास कागदावर उतरवून घेतात. व्यंगचित्रांची आणि चित्रकथांची मूळ चित्रे विकत घेऊ इच्छिणाऱ्यांना या रीतीतून घेण्यासारखे बरेच आहे. हिऱ्याचे वजन करता येते, त्याची प्रयोगशाळेत तपासणी होते. जुन्या व्यंगचित्राच्या बाबतीत मात्र खरेदीदाराला बहुतांशी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. त्या शब्दाची किंमत कशी ठरवावी, हाच या खरेदीतील खरा प्रश्न आहे.

मूळ चित्र म्हणजे काय?

छपाईसाठी चित्रकाराने स्वतःच्या हाताने कागदावर काढलेले चित्र म्हणजे मूळ चित्र. त्यावरून छापलेले मासिक, पुस्तक, भित्तिचित्र किंवा फरशी ही त्याची प्रत होय. गोमंतकीयांना हा फरक समजावून सांगण्यासाठी मारिओ मिरांडा यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या दमणमध्ये १९२६ साली जन्मलेल्या आणि लोटली गावाशी आयुष्यभर नाते राखणाऱ्या या चित्रकाराची रेषा आज कपांवर, फरशांवर, पिशव्यांवर आणि चौकटीत बसवलेल्या छापील प्रतींवर सर्वत्र दिसते. अधिकृतपणे छापलेली प्रत घेण्यात गैर काहीच नाही. फसवणूक होते ती प्रतीला मूळ चित्र म्हणून विकले जाते तेव्हा.

मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांमुळे त्यांची चित्रे मराठी घराघरांत पोहोचली. तो अंक घरी असणे आणि त्या मुखपृष्ठाचे मूळ रंगचित्र घरी असणे, या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ‘दलालांचे मुखपृष्ठ विक्रीस आहे’ या वाक्यातून नेमके काय विकले जात आहे, हे स्पष्ट होत नाही. म्हणून खरेदीदाराचा पहिला प्रश्न सरळ असावा : हे हाताने काढलेले आहे की छापलेले?

जगाच्या बाजारात अशा चित्रांना मिळणारे मोल पाहिले, की नकलेचा मोह का होतो ते कळते. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात बेल्जियमचे चित्रकार हर्जे यांनी टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’साठी १९३६ साली केलेले आणि न वापरले गेलेले मुखपृष्ठ सुमारे ३२ लाख युरोंना गेले. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचे १९८४ मधील एक पान ३३ लाख ६० हजार डॉलरांना विकले गेले. भारतातील व्यवहार या आकड्यांच्या जवळपासही नसतात. तरीही महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढून एखादे चित्र घेणाऱ्याचे नुकसान त्याच्यापुरते मोठेच असते.

चित्र आले कोठून?

व्यंगचित्रे आणि चित्रकथा छपाईसाठी काढल्या जात. चित्र छापखान्यात गेले, त्यावरून ठसा किंवा फिल्म तयार झाली, की मूळ कागदाचे काम संपले, असा समज दीर्घकाळ होता. काही कागद प्रकाशकाच्या कपाटात राहिले, काही चित्रकाराकडे परतले, काही भेट म्हणून दिले गेले, तर काही रद्दीत गेले. अमेरिकेत जॅक कर्बी या नामवंत चित्रकाराला आपली पाने परत मिळवण्यासाठी मार्व्हल कंपनीशी दीर्घकाळ वाद घालावा लागला. १९८७ मध्ये त्याला जी पाने मिळाली, ती त्याने काढलेल्या एकूण पानांचा लहानसा भाग होती.

त्यामुळे बाजारात आलेल्या प्रत्येक चित्रामागे एक प्रवास असतो आणि तो सांगता येणे ही विक्रेत्याची पहिली कसोटी आहे. चित्र चित्रकाराच्या कुटुंबाकडून आले, प्रकाशनसंस्थेच्या कर्मचाऱ्याकडून आले, की जुन्या सामानाच्या खरेदीत सापडले? ‘एका जुन्या घरातून मिळाले’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. मागील मालकाचे नाव जाहीर करणे शक्य नसले, तरी चित्र कोणत्या वर्षी, कशा प्रकारे हाती आले, हे प्रामाणिक विक्रेता लेखी देऊ शकतो.

कथा रंजक असली म्हणून ती खरी ठरत नाही. टिनटिनचे वर उल्लेखिलेले चित्र हर्जे यांनी प्रकाशकाच्या लहान मुलाला भेट दिले आणि ते घडी घालून वर्षानुवर्षे खणात पडून होते, असे लिलावाच्या वेळी सांगण्यात आले. कागदावरील घड्यांच्या खुणा या सांगण्याशी जुळत होत्या. तरीही हर्जे यांच्या वारसांच्या बाजूने त्या भेटीविषयी शंका व्यक्त झाली. चित्र अस्सल असणे आणि ते विकण्याचा हक्क विक्रेत्याकडे असणे, या दोन बाबी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात, हे त्यावरून दिसते.

चित्र हातात घेतल्यावर

छायाचित्र पाहून मूळ चित्र घेऊ नये. चित्र चौकटीतून बाहेर काढून, दिवसाच्या उजेडात, साध्या भिंगाखाली पाहावे. छापील प्रतीत रंगाचे वा शाईचे बारीक ठिपके दिसतात. हाताने ओढलेल्या रेषेत शाई सलग असते, टाकावरील दाब बदलला तेथे ती जाड-बारीक होते आणि काळा भाग भरताना कुंचल्याचे फटकारे कमी-अधिक चमकतात.

त्याखालची पेन्सिल शोधावी. पुष्कळदा खोडलेल्या कच्च्या आराखड्याच्या पुसट रेषा उरलेल्या असतात. काही चित्रकार फिकट निळी पेन्सिल वापरत, कारण छपाईच्या कॅमेऱ्यात ती उमटत नसे. चूक झाकण्यासाठी लावलेला पांढरा रंग, वरून चिकटवलेला संवादाचा कागद, समासातील मापे, छापखान्यासाठी लिहिलेल्या सूचना आणि पाठीमागचा शिक्का या कामाच्या खुणा होत. मूळ चित्र बहुधा छापलेल्या आकारापेक्षा मोठे असते. जिथे दुरुस्तीची एकही खूण नाही आणि आकार छापील चित्राइतकाच आहे, तिथे अधिक चौकशी करावी.

हे चित्र कोणत्या अंकात छापले गेले, हे ठाऊक असेल तर तो अंक मिळवून रेषा शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. नक्कल करणारा छापील चित्रावरूनच काम करतो. छपाईत नाहीशी झालेली बारीक रेघ त्याच्या चित्रातही सहसा नसते. केवळ सहीवर विसंबू नये, कारण सही गिरवणे सर्वांत सोपे. गोव्याच्या दमट हवेत बुरशीचे तपकिरी डाग आणि वाळवीची छिद्रे यांकडेही लक्ष द्यावे. असे दोष असूनही चित्र घेता येते. मात्र ते किमतीत धरले गेले पाहिजेत.

विक्रेता कसा ओळखावा?

प्रत्येक खरेदीदार तज्ज्ञ होऊ शकत नाही, म्हणून अखेरीस भिस्त विक्रेत्यावरच येते. विक्रेता स्वतः मालक आहे, दुसऱ्याच्या वतीने विकणारा मध्यस्थ आहे, की लिलावगृह आहे, हे आधी विचारावे. मध्यस्थ असल्यास चित्र परत करायची वेळ आली तर पैसे कोण देणार, ते ठरवून घ्यावे. लिलावात बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क आणि कर वेगळे लागतात आणि माल ‘जसा आहे तसा’ विकण्याच्या अटी असू शकतात. त्या अटी बोलीपूर्वी वाचायच्या असतात.

चांगला विक्रेता दोष स्वतःहून दाखवतो. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे सांगतो. दुसऱ्या जाणकाराला चित्र दाखवण्यास हरकत घेत नाही. पूर्वी त्याच्याकडून खरेदी केलेल्यांशी बोलू देतो. एखादे चित्र परत करावे लागले तेव्हा तो कसा वागला, हा त्यांना विचारण्याजोगा प्रश्न आहे, कारण सुरळीत पार पडलेल्या व्यवहारातून माणसाची फारशी पारख होत नाही.

उलटपक्षी ‘आजच घ्या, दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे’ अशी घाई, अकारण स्वस्त किंमत, एकाच नामवंताची चित्रे सातत्याने हाती लागणे आणि बिल देण्यास टाळाटाळ ही धोक्याची चिन्हे आहेत. विक्रेत्याने स्वतःच छापून दिलेले ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’ हा त्याच्याच शब्दाचा दुसरा अवतार असतो. ते कोणी, कशाच्या आधारे दिले, हे त्यात नसेल तर त्याला अर्थ नाही. मोठ्या रोख रकमेचा आग्रह झाल्यास तेथेच थांबावे. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही.

नव्या विक्रेत्याकडून पहिली खरेदी लहान किमतीची करावी. चित्र कसे बांधून पाठवले, बिल वेळेवर आले का, वर्णनाप्रमाणे वस्तू मिळाली का, हे त्यातून कमी खर्चात कळते.

चिठ्ठीवर काय असावे?

हिरेबाजारातील जांगडीची रीत येथे जशीच्या तशी वापरता येते. पसंतीवर दिलेल्या मालाची दखल वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २४ मध्येही घेतलेली आहे. खरेदीदाराने पसंती कळवली, की मालकी त्याच्याकडे जाते. ठरलेल्या मुदतीत नापसंती न कळवता त्याने माल ठेवून घेतला, तरीही विक्री पूर्ण होते. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ धरला जातो. म्हणजेच ही सवलत झोपी गेलेल्या खरेदीदारासाठी नाही. नकार वेळेत आणि लेखी कळवावा लागतो.

चिठ्ठीवर किंवा बिलावर पुढील गोष्टी असाव्यात : चित्रकाराचे नाव, चित्राचा विषय, कागदाचे माप, साधन म्हणजे शाई वा जलरंग, ‘हाताने काढलेले मूळ चित्र’ हे शब्द, छपाईचा तपशील ठाऊक असल्यास तो, दिसणारे दोष, किंमत, तारीख आणि परत करण्याची मुदत. चित्र पुढे नकली निघाल्यास पूर्ण रक्कम परत देण्याचे वाक्यही घालून घ्यावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे चिठ्ठीसोबत ठेवावीत. तोंडी ‘शंभर टक्के मूळ’ म्हणणारा विक्रेता तेच तीन शब्द बिलावर लिहिण्यास कचरत असेल, तर खरेदीदाराला आपले उत्तर मिळालेले असते.

फसवणूक झाल्यास

वर्णनाप्रमाणे वस्तू मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. तक्रारदार जेथे राहतो, तेथील आयोगाकडेही दाद मागता येते. विक्रेता मुंबईचा वा सुरतचा असला, तरी गोव्यातील खरेदीदाराला तिकडे धावावे लागत नाही. मात्र पुन्हा विकण्यासाठी वस्तू घेणारा या कायद्यानुसार ग्राहक ठरत नाही. जाणूनबुजून फसवणूक झाली असेल तर पोलिसांकडेही जाता येते. कोणत्याही मार्गाने गेले, तरी पहिला प्रश्न तोच येतो : विक्रेत्याने लिहून काय दिले होते?

कागद आपला, हक्क चित्रकाराचा

मूळ चित्र विकत घेतले म्हणजे ते कपावर छापून विकण्याचा अधिकार मिळत नाही. स्वामित्वहक्क वेगळा असतो आणि तो चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. ही मुदत मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून मोजली जाते. त्या हिशेबाने दलालांच्या चित्रांवरील हक्क २०३१ अखेरपर्यंत, तर डिसेंबर २०११ मध्ये निधन पावलेल्या मारिओंच्या चित्रांवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत राहतो.

स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५३अ मध्ये आणखी एक तरतूद आहे. चित्रकार स्वामित्वहक्काचा प्रथम मालक असेल आणि मूळ चित्राची पुनर्विक्री १० हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर त्या रकमेत त्याला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो. हा वाटा जास्तीत जास्त १० टक्के असू शकतो. या तरतुदीची माहिती असणारा विक्रेता चित्रकाराच्या कुटुंबाशी संबंध राखून असण्याची शक्यता अधिक, हेही त्याच्या पारखीचे एक साधन ठरते.

ज्या गोमंतकीय घरांत चित्रकाराने स्वतः भेट दिलेले एखादे चित्र भिंतीवर आहे, त्यांनाही हे लागू पडते. ते कोणी, कोणाला, केव्हा आणि कोणत्या निमित्ताने दिले, हे आठवणारी माणसे हयात असतानाच लिहून, सही करून चित्रासोबत ठेवावे. पुढच्या पिढीने चित्र जपले तरी आणि विकले तरी, तो एक कागद चित्रामागे उभा राहील.